चमत्कार पुरावा आहे, पण कशाचा?

मंडळी, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव गाव आपल्याला परकं नाही. वाघावर बसून आलेल्या योग्यासमोर भिंत चालली, ही कथा जळगाव जिल्ह्यात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. भिंतीने चांगदेवांचा गर्व उतरला, उपदेश मात्र मिळाला पासष्टीतल्या ओव्यांतून. चमत्कार आणि श्रद्धा यांच्या नात्याबद्दल कॅथलिक चर्चचं म्हणणं याच वाटेने जातं.

१८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, चमत्कारांना ईश्वरी प्रकटीकरणाची, म्हणजे देवाने स्वतःला उघड केल्याची, खात्रीची चिन्हं म्हटलं. चमत्कार कधीच निश्चितपणे ओळखता येत नाही, असं म्हणणाऱ्याला तिने धर्मबाह्य ठरवलं. पण श्रद्धेचा पाया मात्र तिने प्रकट होणाऱ्या देवाच्या अधिकारावरच ठेवला. म्हणजे चमत्कारामुळे विश्वास ठेवणं अविवेकी नाही, एवढंच दिसतं. त्यातून विश्वास आपोआप निघत नाही.

संतपदाच्या चौकशीत तर दावा याहून लहान असतो. अमुक मृत व्यक्तीच्या मध्यस्थीने अमुक रोगी बरा झाला, इतकाच. हुतात्मा नसेल तर 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित व्हायला सहसा एक चमत्कार लागतो. संतपदासाठी आणखी एक, आणि तो धन्य घोषित झाल्यानंतर घडलेला हवा. रोगी बरा झाल्याच्या प्रकरणांना लावायच्या कसोट्या अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनींनी घातल्या. हेच पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. आजार गंभीर हवा, तो आपसूक ओसरण्याच्या टप्प्यावर नको, औषधाने गुण आलेला नको. बरं होणं झटपट, पूर्ण आणि टिकाऊ हवं.

आधी जिथे घटना घडली तिथला बिशप साक्षी आणि वैद्यकीय कागद गोळा करतो. मग रोममध्ये डॉक्टरांचं मंडळ बसतं. २०१६ च्या नियमांनुसार सात तज्ज्ञांपैकी किमान पाच, किंवा सहा असल्यास चार, 'आजच्या वैद्यकशास्त्राला उलगडा होत नाही' असं म्हणाले तरच प्रकरण पुढे सरकतं. 'चमत्कार' हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. तो निर्णय धर्मशास्त्रज्ञ, कार्डिनल आणि शेवटी पोप घेतात.

प्रकरणं अडतात ती बहुधा कागदांवर. आधीची बायोप्सी नसते, किंवा केमोथेरपी चालू असते, मग गुण कशाने आला हे वेगळं काढता येत नाही. कॅन्सर परत उलटला नाही, हे कळायला वर्षं जावी लागतात. घरच्यांनी पाच संतांना नवस बोललेला असला, तर श्रेय कुणाला द्यायचं? २००३ साली मदर तेरेसा यांना धन्य घोषित करताना पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ गेल्याचा आधार घेतला गेला. तिच्यावर उपचार करणाऱ्या काही डॉक्टरांनी क्षयाच्या औषधांनी ती बरी झाल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

मला खरी फट दिसते ती डॉक्टरांचं काम संपतं आणि धर्मशास्त्रज्ञांचं सुरू होतं, त्या जागी. उलगडा न होणं ही आपल्या माहितीची मर्यादा आहे. तिथून 'देवाने केलं' इथवर जायला आधीपासून देव मानावा लागतो. चर्चलाही हे ठाऊक आहे, म्हणून प्रार्थना आणि बरं होणं यांची सांगड धर्मशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तपासतात. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरं झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी आल्या, चर्चने चमत्कार मानले ते सुमारे सत्तर. चाळणी बारीक आहे हे कबूल. पण तिथे लाखो आजारी माणसं गेली आणि तशीच परत आली, हा आकडा भाविकाने हिशेबात धरायलाच हवा.

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची गोष्ट निराळी. ते खोटं असेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असं ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना स्पष्ट लिहिलं. लूर्दबद्दल असं कुणी म्हणत नाही. १८६२ मध्ये स्थानिक बिशपने तिथल्या मारियामातेच्या दर्शनांना मान्यता दिली, तरी ती खासगी प्रकटीकरणंच राहिली, श्रद्धेच्या मूळ ठेव्यात त्यांची भर पडली नाही. मे २०२४ च्या नव्या नियमांनंतर तर अशा घटना दैवी असल्याचं चर्च सहसा जाहीरही करत नाही. भक्तीला हरकत नाही, एवढंच बिशप सांगतो. लूर्दच्या एकाही चमत्कारावर विश्वास नसलेला कॅथलिक रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन कम्युनियन, म्हणजे तिथली पवित्र भाकर, घेऊ शकतो, त्याला कुणी अडवत नाही.