कोकणातले झाड फोटोत उठून कसे दिसेल?

नमस्कार. कोकण किनाऱ्यावर झाडांचे फोटो काढताना येणारी मुख्य अडचण झाडे कमी असण्याची नसून फार असण्याची आहे. देशावरच्या माळावर एकटी उभी असलेली बाभूळ आपण काही न करताही फोटोत उठून दिसते. इकडे मात्र आंब्यामागे फणस, फणसामागे काजू आणि त्याच्याही मागे हिरवा डोंगर असतो, त्यामुळे समोर उभे राहून पाहताना जे झाड स्पष्ट वेगळे वाटले होते, ते फोटोत हिरव्या गर्दीत हरवून जाते. म्हणून कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न मी या भागात बाजूला ठेवतो आहे. हातातला मोबाइलही चालेल. झाडाच्या मागे काय आहे आणि ते कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी झाडापेक्षा वेगळे दिसते, हे आधी पाहायला हवे.

सुटे झाड हवे असेल तर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या सपाट पठारावर, जावे. रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर इतका पातळ असतो की झाडे मुळातच विरळ असतात, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे त्यांतली काही बुटकी राहून पूर्वेकडे कललेली दिसतात. असे एखादे झाड ऑगस्टमध्ये गेंद आणि सीतेची आसवे फुललेल्या हिरव्या कातळावर, नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या पिवळ्या गवतात आणि एप्रिलमध्ये उघड्या काळपट दगडावर उभे असते. येथे चक्क खाली बसून कॅमेरा जमिनीजवळ न्यावा, म्हणजे झाडाचा घेर क्षितिजाच्या वर जाऊन मोकळ्या आकाशावर येतो. उभ्याने काढलेल्या फोटोत क्षितिजाची रेषा बहुधा झाडाच्या मधोमध जाते आणि झाड कापल्यासारखे वाटते.

आकाश पावसाळ्यातले असेल, तर ते पांढरेशुभ्र आणि फार उजळ असते. कॅमेरा त्या उजेडाला बिचकून सगळाच फोटो गडद करतो आणि पाने काळी पडतात. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावे, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्यावा. मोबाइलवर पानांवर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवली तरी तेच काम होते. मला स्वतःला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये आकाश फ्रेमच्या बाहेर ठेवून आगरात (नारळ-पोफळीच्या बागेत) किंवा देवराईत शिरणे अधिक आवडते. उन्हाच्या दिवशी तेथे पांढरे कवडसे आणि काळ्या सावल्या यांची इतकी गिचमिड होते की खोड कोणते आणि सावली कोणती, हेच कळत नाही. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडे सारखा पसरतो, भिजलेली साल गडद होते आणि तिच्यावरचे शेवाळ उजळून निघते. पावसाच्या तोंडावर गेलात, तर जुन्या आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी, म्हणजे ऑर्किडच्या फुलांचा तुराही मिळतो. ओल्या पानांवर जी पांढरी चमक येते, ती पोलरायझर फिल्टर फिरवून पुष्कळ कमी करता येते आणि पानांचा खरा हिरवा रंग दिसू लागतो. एक सूचना: एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर लगेच बाष्प धरते, पाव तास तो पिशवीतच राहू द्या.

आता उन्हाविषयी. कोकणात सूर्य सह्याद्रीमागून वर येतो आणि समुद्रात मावळतो, म्हणून किनाऱ्यावरच्या झाडांना संध्याकाळचे ऊन थेट मिळते. सुरूच्या बनात उभे राहून मावळतीकडे काढलेले काळ्या खोडांचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत, कदाचित जरा जास्तच पाहिले आहेत. त्याऐवजी पुळणीवर उतरून समुद्राकडे पाठ करावी. तेच तिरपे ऊन समोरून खोडांवर पडते, साल तांबूस दिसते आणि मागचे बन सावलीत गेल्यामुळे पुढची झाडे सुटी होतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येत असल्याने झाडाची सावली त्याच्या घेराखालीच राहते, आणि अशा उन्हात कॅमेरा बंद ठेवलेला बरा. डिसेंबरात मात्र ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, त्यामुळे कामाला दिवसाचे जास्त तास मिळतात.

माडाबद्दल थोडक्यात सांगतो. बुंध्याशी उभे राहून कॅमेरा वर केला की माड मागे कोसळताना दिसतात. लांब जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूमने काढले की ते सरळ राहतात.

(पडद्यावर: ओहोटीच्या वेळचे खाजण.)

कांदळवनाचे, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडीचे, सगळे गणित भरती-ओहोटीवर चालते. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते, आणि उधाणामुळे पाणी सर्वांत जास्त खाली जाते. मुळे दाखवायची असतील, तर कोवळ्या उन्हाची आणि उघड्या चिखलाची ही गाठ सोडू नये: तिवराची चिखलातून वर आलेली, बोटाएवढी श्वसनमुळे आणि कांदळाची खोडापासून कमानीसारखी उतरणारी आधारमुळे यांच्या सावल्या त्या उजेडात लांब पडतात. पाण्यातले प्रतिबिंब हवे असेल, तर अष्टमीच्या आसपास जावे, कारण तेव्हा भरतीच सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. खाडीत जितके आत जाल, तितकी ही वेळ पुढे सरकते, म्हणून होडीवाल्याला विचारून निघावे. जवळून पाहण्यासारखे येथे पुष्कळ आहे. तिवर आपल्या पानांवाटे मीठ बाहेर टाकतो, आणि कोरड्या दिवशी पान तिरपे धरले की त्याचे बारीक कण चमकताना दिसतात. मॅक्रो लेन्स असेल तर हा फोटो अवश्य काढावा. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. तिची फुले रात्री उमलतात आणि पांढरे केसर सकाळी गळू लागतात, त्यामुळे ती टिपायची तर उजाडण्यापूर्वीच पोहोचावे लागते. चिखलात मात्र पाय घालू नका. श्वसनमुळे तुडवली जातात आणि आपणही रुततो.

जानेवारी ते मार्च या काळात हिरव्या गर्दीचा प्रश्न झाडेच सोडवतात. काटेसावर आणि पांगारा पाने गाळून फुलतात, कुसुंबाला लालभडक पालवी येते, आणि त्यांच्या मागे अजून हिरवा असलेला डोंगर आला की वेगळे काही करावेच लागत नाही. आंब्याचा मोहोर मात्र फिकट असल्याने समोरच्या उन्हात मळकट दिसतो. सकाळी सूर्य झाडाच्या मागे ठेवून आणि सावलीतला भाग पार्श्वभूमीला घेऊन काढला, तर त्याच्या बारीक देठांपर्यंत उजेड झिरपतो आणि तुरा चांगला उठतो. बागेत शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे, कारण मोहोरावर फवारणी झालेली असू शकते.

शेवटचा प्रकार एकाच जागेवरून वर्षानुवर्षे काढलेल्या फोटोंचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या किनाऱ्यावरची नारळ-पोफळीची अनेक आगरे आडवी झाली. बाणवली या उंच जातीचा माड फळाला यायला सहा ते आठ वर्षे घेतो, त्यामुळे अशा आगराची नोंद एका भेटीत होत नाही. उभे राहायला विहिरीचा काठ किंवा गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा यासारखी न हलणारी जागा निवडावी, झूम आणि महिना दर वर्षी तोच ठेवावा, आणि मागचा फोटो मोबाइलवर उघडून त्याच्याशी चौकट जुळवून मगच नवा काढावा. फोटोची एक छापील प्रत आगरवाल्यांना द्यावी. कोणता माड कधी लावला, हे ते त्याच प्रतीवर लिहून देऊ शकतात.