लंडनला उदास वाटलं, तेल अवीवने वाजवलं

(दगडी इमारत, बाहेरून)
ही न्यू स्ट्रीटवरची जुनी शाळा. गाव चिपिंग नॉर्टन, इंग्लंडमधलं ऑक्सफर्डशायर. १९७२ ते १९९९ इथे गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ होता.

१९९२ मध्ये ऑक्सफर्डकडची पाच पोरं इथे आली. बँड रेडिओहेड. रेकॉर्ड करायची होती दुसरीच दोन गाणी, आणि ती काही केल्या जमेनात. निर्माते पॉल कोल्डरी आणि शॉन स्लेड, दोघेही अमेरिकन. तालमीत पोरांनी सहज वाजवलेलं एक गाणं त्यांच्या कानात घोळत होतं, पण त्यांना वाटलं, ते दुसऱ्याच कुणाचं. सगळे कंटाळलेले बघून कोल्डरी म्हणाला, तेच वाजवा. एक टेक झाला आणि टाळ्या पडल्या. गाणं बँडचंच निघालं. ‘क्रीप’.

(गिटारवरचा हात, जवळून)
हा उजवा हात बघा. कोरसच्या, म्हणजे ध्रुवपदाच्या, तोंडावर तारांवर खर्रकन बसतो तो फटका. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड, त्याला गाणं फारच मवाळ वाटत होतं, म्हणून मारलेला! आज लोकांना आधी तोच आठवतो. आणि शेवटी येणारा पियानो? मिक्सिंग करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कोल्डरी तो घालायचा विसरला होता. आठवला तेव्हा गाणं संपत आलेलं. बँडला तसाच आवडला.

सप्टेंबर १९९२ मध्ये सिंगल आलं, म्हणजे या गाण्याची सुटी रेकॉर्ड. बीबीसी रेडिओ वनला ते फार उदास वाटलं. खपल्या सहा हजारांच्या आसपास प्रती, ब्रिटनच्या खपाच्या यादीत क्रमांक ७८.

(तेल अवीवचा किनारा)
इस्रायलच्या लष्करी रेडिओवर योआव कुटनर नावाचा निवेदक. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या तिथल्या माणसाने त्याला हे गाणं ऐकवलं. त्याने लावलं, पुन्हा लावलं, लावतच राहिला. आजच्या रेडिओवर एखाद्या निवेदकाला एवढी मोकळीक कोण देतं?

(गोल्डन गेट पूल)
मग सॅन फ्रान्सिस्कोच्या केआयटीएस या रेडिओ स्टेशनने ते उचललं. गाण्यात एक शिवी होती. रेडिओसाठी तो शब्द बदलून घेतला. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या मॉडर्न रॉक यादीत दुसरा क्रमांक. सप्टेंबर १९९३ मध्ये तेच सिंगल ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं. या खेपेला सातवं.

पुढे एका जुन्या गाण्याशी साम्य निघालं, म्हणून ते गाणं रचणारे अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांची नावं ‘क्रीप’च्या श्रेयात आली. बँडही कंटाळला, मंचावर वर्षानुवर्षं हे गाणं वाजवेना.

(पुन्हा तोच हात. निवेदन नाही, फक्त तो फटका.)