एक हॉट, पण जर्मनमध्ये किती?

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी कुणी जर्मन शिकत असेल, कुणाची मुलगी तिकडे नर्सिंगला निघाली असेल, कुणाचा भाचा मास्टर्सला, तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी. विषय एकच शब्द, इंग्रजीतला हॉट. चहा हॉट, हवा हॉट, मिरची हॉट, डोकं फिरलेला माणूस पण हॉटच. इंग्रजीत भागतं तेवढ्यावर. जर्मनमध्ये नाही भागत, आणि गंमत म्हणजे मराठीतही कधी भागत नव्हतं.

आपल्याकडे बरेच जण जर्मन शिकतात ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून, म्हणजे मनात येतं 'मला उकडतंय', मग त्याचं होतं 'आय ॲम हॉट', आणि त्यावरून थेट 'इश बिन हाइस'. असं कृपा करून कुणासमोर बोलू नका, त्याचा अर्थ भलताच होतो, मी फार आकर्षक आहे किंवा त्याच्याही पुढचं काहीतरी. जर्मन माणूस म्हणतो 'मिअर इस्ट हाइस'. मिअर म्हणजे मला. मला गरम होतंय! शाळेत घोकलेली आपली चतुर्थी जशीच्या तशी तिथे बसलीय, जर्मनवाले तिला डाटिव म्हणतात. थंडी वाजली तरी तेच, 'मिअर इस्ट काल्ट'. मराठीतून सरळ गेलात तर वाक्य आपोआप बरोबर येतं, इंग्रजीला मध्ये घेतलं की घोळ.

आता तिखट. हॉटेलात भाजी तिखट आहे का विचारायचं तर हाइस म्हणून चालणार नाही, वेटर सांगेल हो, आत्ताच गॅसवरून उतरवलीय. तिथे शब्द आहे शार्फ. दुकानात मोहरीच्या ट्यूबवर मिटेलशार्फ लिहिलेलं दिसेल, म्हणजे मध्यम तिखट, आणि पाप्रिकाच्या पुडीवर एडेलझ्यूस असेल तर गोडसर, रोझेनशार्फ असेल तर झणका असलेली, अर्थात आपल्या लवंगीच्या मानाने काहीच नाही. पण मला या शब्दात खरं आवडतं ते वेगळंच. शार्फ म्हणजे धारदार सुद्धा. सुरी शार्फ, जीभ शार्फ, नजर शार्फ. आणि आपण काय म्हणतो? तिच्या जिभेला तिखटपणा आहे, म्हाताऱ्याचे कान अजून तिखट आहेत! आपला तिखट आला तीक्ष्ण वरून, म्हणजे त्याच्याही मुळाशी धारच. इंग्रजी हॉटला हे दुरूनही जमत नाही, तिथे मिरची आणि सुरी दोन वेगळ्या घरात राहतात.

वार्म हा शब्द पण नीट बघून ठेवा. इंग्रजीत वॉर्म म्हणजे कोमट किंवा उबदार एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण जर्मन घरात नळाचं गरम पाणी म्हणजे वार्मवासर आणि शिजवलेलं गरम जेवण म्हणजे वार्मेस एसेन. बऱ्याच घरांत असं जेवण दुपारी होतं आणि रात्री ब्रेड, चीज, वगैरे थंडच. घर शोधताना तर हा शब्द खिशाशी येतो, जाहिरातीत काल्टमीटं म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटं म्हणजे त्यात हीटिंग आणि बाकीचे मेंटेनन्ससारखे खर्च धरून, तरी वीज बहुतेक वेळा वेगळीच असते, तेव्हा आकडा बघून खूश होण्याआधी तो काल्ट आहे की वार्म हे विचाराच.

आणि तो डोकं फिरलेला माणूस राहिला. त्याला हाइस नाही म्हणत, हिट्सिग म्हणतात, हिट्सं म्हणजे उष्णता त्यावरून. आपलं ताप वरून तापट, अगदी तसंच.