गाणं ऐकून नराची तब्येत कशी कळते

स्वीडनमधलं जंगल. झाडांना लाकडी पेट्या टांगल्यात, पक्ष्यांनी घरटी करावीत म्हणून. काही पेट्यांजवळ स्पीकर लावलाय आणि त्यातून फ्लायकॅचर नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या नराचं गाणं चालू आहे, बाकीच्या पेट्या गप्प. जिवंत नर कुठेच नाही. मादी आत शिरली की अडकणार अशी सोय केलेली. 1986 साली हा प्रयोग छापून आला, एकूण 10 माद्या सापडल्या आणि त्यातल्या 9 गाणं वाजणाऱ्या पेट्यांमध्ये!

म्हणजे नुसतं गाणंसुद्धा मादीला खेचून आणतं. ठीक आहे. पण गाणारे नर तर जंगलात ढिगाने असतात, मग ती ह्याच्याकडे जाते आणि त्याच्याकडे का नाही, हा खरा प्रश्न आहे.

ह्याच पक्ष्यावरचा 1990 चा दुसरा प्रयोग बघा. काही नरांना संशोधकांनी आयतं जास्तीचं खायला दिलं, बाकीच्यांना नाही. पोट भरलेले नर जास्त गायले आणि त्यांना जोडीदारीण लवकर मिळाली. आता ह्यात जादू काही नाही, किडे शोधण्यात जो वेळ जायचा तो वाचला आणि गाण्यात गेला एवढंच. पण तिच्या बाजूने विचार करा ना, जो दिवसभर गाऊ शकतो तो एकतर शिकारीत पटाईत आहे नाहीतर त्याच्या ताब्यातल्या जागेत किडे भरपूर आहेत, आणि पिल्लं झाल्यावर तिला दोन्हीचा फायदाच आहे.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो, की गाण्याला भयंकर ताकद लागत असणार. प्रत्यक्षात गाणारे पक्षी किती ऑक्सिजन वापरतात हे मोजलं गेलंय, कॅनरी, झेब्रा फिंच, स्टारलिंग, आणि वाढ अगदी मामुली निघाली, नुसतं बसून राहण्यापेक्षा थोडीशी जास्त. खरी किंमत आहे ती वेळेची. गाताना खाता येत नाही. आणि रात्रभर गायचं तर झोपही गेली.

नाईटिंगेलचं हेच होतं. जोडीदारीण न मिळालेला नर रात्री गातो, तासन् तास, आणि जोडी जमली की रात्रीचं गाणं बहुतेक बंद. ह्या नरांची वजनं करून पाहिली तेव्हा दिसलं की जो जास्त गातो त्याचं वजन रात्रीत जास्त घटतं, आणि संध्याकाळी ज्याच्या अंगावर चरबीचा साठा चांगला असतो तोच जास्त गातो. उपाशी नराला हे सोंग परवडणारच नाही.

पण मादी फक्त किती वेळ गातोय हे मोजत नाही. किती सफाईने गातोय हेही ऐकते, आणि मला विचाराल तर ह्या विषयातला सगळ्यात भारी भाग हाच.

पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा घशातून येत नाही. श्वासनलिका छातीत उतरून जिथे तिचे दोन फाटे होतात तिथे सिरिंक्स नावाचा अवयव असतो, आणि गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालतात, म्हणजे एका पक्ष्याकडे जवळजवळ दोन वाद्यं. शिवाय स्वर उंच जाईल तशी चोच जास्त उघडावी लागते आणि खाली येताना मिटावी लागते. आता हेच सेकंदाला दहा-पंधरा वेळा करायचं म्हटलं तर? 1997 मध्ये जेफ्री पोडोस या जीवशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या चिमण्यांच्या गटात हे मोजून दाखवलं, तान जितकी जलद तितकी तिची खालपासून वरपर्यंतची झेप कमी. वेग घ्या किंवा झेप घ्या, दोन्ही एकदम ताणता येत नाही. त्या मर्यादेच्या अगदी काठावर गाणारा नर दिसला की ह्याच गटातल्या स्वॅम्प स्पॅरोच्या माद्या जास्त प्रतिसाद देतात.

कॅनरीच्या माद्या तर ह्याबाबतीत फारच चोखंदळ. नराच्या गाण्यात एक खास तुकडा असतो, सेकंदाला 16-17 वेळा येणारा, सिरिंक्सच्या दोन्ही बाजू आळीपाळीने वापरून काढलेला, आणि तो ऐकला की मादी मीलनासाठी अंग झुकवते. तेवढ्या वेगात तो श्वास कधी घेतो? दोन स्वरांच्या मधल्या फटीत, एकेक घोट हवा. दमसास म्हणतात तो हा!

ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्याचा नर एकच ओळ घोळवत बसला की हळूहळू ठेका ढिला पडतो, दोन ओळींमधलं अंतर वाढत जातं, आणि मग गडी काय करतो, गाणंच बदलतो आणि वेग परत येतो. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की तेच ते स्नायू थकतात म्हणून तो दुसऱ्या स्नायूंवर भार टाकतो.

इथपर्यंत झाली ती आजची तब्येत. पण गाण्यातून नराचं लहानपणसुद्धा बाहेर पडतं, आणि ते त्याला लपवता येत नाही.

हे पक्षी गाणं शिकतात, जन्मतः येत नाही. मेंदूतला शिकण्याचा भाग बनतो तो नेमका पिल्लूपणी, जेव्हा पोट आईबापांनी आणलेल्या घासावर अवलंबून असतं. तेव्हा उपासमार झाली तर मेंदूच्या त्या भागाची वाढ खुंटते, अशी कल्पना 1998 मध्ये मांडली गेली आणि नंतर ती तपासलीही गेली. लहानपणी कमी खाणं मिळालेले झेब्रा फिंच मोठे होऊन छोटं आणि साधं गाणं गायले, आणि माद्यांनी नीट वाढलेल्यांचं गाणं पसंत केलं. कॅनरीच्या पिल्लांना मलेरियाची लागण केली तर मोठेपणी गाणं सोपं झालं आणि मेंदूतलं गाण्याचं केंद्रही लहान राहिलं. ताप कधीचा उतरलाय, खूण मात्र गाण्यात राहिली.

लव्हाळ्यात राहणारा ग्रेट रीड वॉर्बलर नावाचा वटवट्या आहे, त्याच्या माद्या शेजारच्या नराशी लफडं करतात (हो, अधूनमधून), आणि तो शेजारी घरच्या नरापेक्षा जास्त प्रकारचे स्वर येणारा असतो. 1996 मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं की अशा नरांची पिल्लं जगण्याचं प्रमाणही जास्त. अर्थात हे सगळ्यांना लागू नाही, झेब्रा फिंचच्या नराला आयुष्यभर एकच गाणं येतं, तिथे स्वरांचा साठा मोजून उपयोग काय?

तिथे रियाज लागतो. 2023 मधला प्रयोग आहे, झेब्रा फिंचच्या नरांना काही दिवस गाऊ दिलं नाही. आठवड्याभरात सिरिंक्सच्या स्नायूंची ताकद निम्म्यावर आली. गाणं आपल्या कानाला तसंच वाटतं, पण माद्यांना फरक कळला आणि त्यांचा कल रियाज चालू असलेल्या गाण्याकडे होता. पहाटे उठून कुणी ऐकायला नसताना पक्षी का गातात ह्याचं एक कारण इथे सापडतं.

आणि शेवटी आवाजाचा राजा. ॲमेझॉनच्या डोंगरांमधला व्हाइट बेलबर्ड, वजन साधारण पाव किलो, आवाज 125 डेसिबल, आजवर मोजलेला पक्ष्यांमधला सगळ्यात मोठा. मादी जवळ येऊन बसली की हा आपली सगळ्यात जोरदार हाक काढतो, आधी तिच्याकडे पाठ करून आणि मग गर्रकन वळून थेट तिच्या तोंडावर. पण त्यालाही सूट नाही. 2019 मध्ये ही मोजमापं आली तेव्हा दिसलं की आवाज जितका मोठा, तितका तो कमी वेळ टिकतो.