वायर आवळण्याआधी

मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मला जवळपास एकच तक्रार सांगितली. हँडब्रेक पूर्वी पाच-सहा खटक्यांत घट्ट व्हायचा, आता दहा झाले तरी उतारावर गाडी सरकते. आणि त्याला जोडून प्रश्नही एकच: तो आवळायचा नट कुठे असतो? नट कुठे असतो ते सांगणार आहे, पण शेवटी. कारण हँडब्रेक सैल झाला असं आपल्याला जाणवतं हातातल्या दांड्यावर, आणि तो सैल झालेला असतो बहुतेक वेळा मागच्या चाकात.

नटाकडे आपला हात आधी का जातो, याचं कारण मला वाटतं सायकल हे आहे. बहुतेकांनी आयुष्यात दुरुस्त केलेला पहिला ब्रेक सायकलचा असतो. बाहेर नळी, आत सरकणारी तार, या रचनेचं पेटंट अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली घेतलं. सायकलच्या ब्रेकला आणि गाडीच्या हँडब्रेकला आजही तीच वायर असते. सायकलचं रबर झिजलं की वायर थोडी आवळायची, काम झालं. तिथे ते बरोबरच आहे, कारण त्या रबराला हलवणारं वायरीशिवाय दुसरं कुणी नसतं.

गाडीत तसं नाही. टेबलावर हा ड्रम ठेवलाय, म्हणजे मागच्या चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं, पुढे बसलेल्यांना नीट दिसेल. आत हे दोन अर्धगोल शू. त्यांच्यावर चिकटवलेला थर म्हणजे लायनर. पाय दाबला की वरच्या या सिलिंडरमधलं ऑइल दोन्ही शू बाहेर ढकलतं आणि लायनर ड्रमला घासतं. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. हँडब्रेकची वायर येते ती या बारक्या लिव्हरला. तीसुद्धा हेच दोन शू बाहेर ढकलते. म्हणजे एकाच जोडीला दोन मालक आहेत. हँडब्रेक सोडलेला असताना वायरीने शूंना जराही धक्का लावता कामा नये, ही लिव्हर पूर्ण मागे टेकलेली हवी. सगळं या एका गोष्टीवर आहे.

आता हा दातेरी चाकाचा स्क्रू पाहा. हा अ‍ॅडजस्टर. लायनर झिजत जाईल तसतसा हा एकेक दात फिरतो, लांब होतो आणि शू ड्रमच्या जवळ आणून ठेवतो. काही गाड्यांत तो पायाच्या ब्रेकने फिरतो, काहींत रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर, काहींत हँडब्रेक ओढल्या-सोडल्यावर. धूळ आणि गंज बसला की तो अडकतो. मग लायनर झिजतं, फट वाढते, आणि ती फट भरून काढायला तुमच्या हाताला जास्त खटके ओढावे लागतात.

अशा वेळी तुम्ही वायर आवळली तर दांडा लगेच चार खटक्यांवर येतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. प्रत्यक्षात लिव्हर मागे टेकतच नाही, शू कायमचे किंचित बाहेर राहतात आणि अ‍ॅडजस्टरला आपलं काम करता येत नाही. माझ्या पहिल्या गाडीवर मी हेच केलं होतं. वीसेक किलोमीटर गेल्यावर जळका वास आला. उतरून पाहिलं तर डाव्या मागच्या चाकाजवळ हात धरवत नव्हता. त्या चाकातला शू मी जपून ठेवलाय, तो हा. हातोहात फिरवा आणि बोट फिरवून पाहा. मधला भाग काचेसारखा गुळगुळीत झालाय, कडेला केसाएवढ्या चिरा आहेत. असं लायनर ड्रमला पकडत नाही. म्हणजे ब्रेक घट्ट करायला गेलो आणि होता तोही घालवून बसलो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी पायाला विचारा. ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर येतं का? तसं असेल तर शू आणि ड्रममध्ये फट वाढली असण्याची शक्यता खूप आहे. पेडल छान वर आणि टणक आहे, फक्त दांडाच उंच येतोय, तर संशय वायरीवर घ्या. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मामला ऑइलचा आहे आणि ती गाडी आज चालवायची नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगतो, पण यात तडजोड नको. मागची चाकं उचलणार आणि हँडब्रेक सोडणार, म्हणजे गाडी धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. जमीन सपाट हवी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे हवेत, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर टेकलेली हवी. ड्रममधली काळी पूड हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते श्वासात जाणं घातक. ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि ड्रम काढलेला असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील.

आता काम. हँडब्रेक पूर्ण सोडा आणि दांड्याजवळचा नट ढिला करा. हो, आधी ढिला. वायरीचा ताण काढल्याशिवाय शू खरे कुठे बसलेत ते कळत नाही. मग ड्रम काढा. गंजाने धरला असेल तर बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपोआप बाहेर येतो, हातोडा लागत नाही. आत ऑइलचा ओलावा दिसला तर थांबा. लायनर ऑइलने भिजलं असेल तर कितीही अ‍ॅडजस्ट करून ते धरणार नाही, बदलावंच लागतं, आणि ऑइल कुठून आलं तेही शोधावं लागतं. कोरडं आणि पुरेसं जाड असेल तर अ‍ॅडजस्टर काढून स्वच्छ करा, आट्यांना उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी थोडं लावा. मग एकेक दात फिरवत ड्रम हलकेच घासत आत बसेल इतपत शू बाहेर आणा. दुसरी बाजूही तशीच.

दोन्ही ड्रम बसले की पेडल चार-सहा वेळा नीट दाबा, म्हणजे शू मध्यावर येतील. चाक हाताने फिरवा. बारीक सरसर ऐकू आली तर चालेल, पण चाक मोकळं फिरलं पाहिजे. अनेकदा इथेच दांडा पुन्हा सहा खटक्यांवर आलेला असतो आणि नटाला फारसं आवळावंही लागत नाही.

राहिला तो नट. तो बहुतेक गाड्यांत दांड्याच्या बुडाशी, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली असतो. काहींत गाडीच्या पोटाखाली, जिथे एक वायर दोन वायरींना मिळते. अर्धा-अर्धा फेरा आवळायचा आणि दर वेळी दांडा ओढून-सोडून पाहायचा. किती खटके हवेत ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, साधारण चार ते आठच्या दरम्यान. दोन्ही चाकं एकदमच धरली पाहिजेत. एक धरतं आणि दुसरं फिरतं असेल तर फिरणाऱ्या बाजूची वायर नळीत गंजलेली असू शकते. ती आवळायची नाही, बदलायची.

मागून एक प्रश्न आला, मागे डिस्क असेल तर? काही गाड्यांत डिस्कच्या मधोमध छोटा ड्रम असतो, तिथे हेच सगळं लागू. काहींत वायर थेट कॅलिपरला, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चिमट्याला जाते. तिथेही दांडा सोडल्यावर कॅलिपरची लिव्हर आपल्या टेकूला लागलेली दिसली पाहिजे. आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर पाना बाजूला ठेवा. त्याची मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, जबरदस्ती केली तर मोटरचे दाते तुटतात.

आवळलेला नट हलू नये म्हणून त्यावर असतो तो दुसरा नट, म्हणजे लॉकनट, घट्ट करा, पण कव्हर लगेच बसवू नका. आठ-दहा किलोमीटर चालवून या, शक्यतो ब्रेक कमी वापरून. उतरल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या, ड्रमला लावू नका. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर पुन्हा उचला आणि तो नट अर्धा फेरा सोडून पाहा. दोन्ही सारखीच कोमट लागली, की कव्हर बसवा.