भिंतीवरचा रिश्यू

(दृश्य: कोरा कागद, शाईनं आखलेली एक रिकामी चौकट)

न्यूयॉर्कमधलं रेगो पार्क. साल १९५८च्या आसपास. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा मुसमुसत घरी येतो. स्केट निसटून तो पडला आणि मित्र त्याला टाकून पुढे निघून गेले. लाकूड कापणाऱ्या वडिलांचा हात थांबतो. मित्र? आठवडाभर उपाशी एका खोलीत कोंड त्यांना, मग कळेल मित्र म्हणजे काय!

'माउस' ही चित्रकादंबरी इथून सुरू होते.

तो मुलगा म्हणजे चित्रकार आर्ट स्पीगलमन. जन्म १९४८चा, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा. वडील व्लादेक आणि आई आन्या पोलंडमधल्या सोस्नोव्हियेत्सचे ज्यू. दोघंही आउशवित्झ या नाझी छळछावणीतून जगून वाचून बाहेर आले. वडिलांनी सांगायचं, मुलानं टेप करायचं आणि मग चितारायचं. ज्यू झाले उंदीर, जर्मन झाले मांजरं. १९८६ आणि १९९१ मध्ये दोन भाग आले, १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला.

(दृश्य: पानं उलटणारे हात)

छावणीची पानं भयंकर आहेतच. पण मला हलवून सोडतं ते न्यूयॉर्कमधलं घर. व्लादेक रस्त्यात पडलेली टेलिफोनची वायर उचलून घेतात. अर्धं खाल्लेलं सीरियलचं खोकं दुकानात परत द्यायला नेतात. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा युद्धातल्या लपायच्या जागेबद्दल सांगताना ते पेन्सिल मागून घेतात आणि वहीत स्वतः आकृती काढतात. कोळशाच्या कपाटातून तळघरात कसं उतरायचं, ते. नीट माहीत असलेलं बरं, न जाणो! या चौकटीपाशी मी दर वेळी थांबते.

आन्यानं १९६८ मध्ये आत्महत्या केली. तिनं वह्या लिहून ठेवल्या होत्या, मुलगा मोठा झाला की वाचेल या आशेनं. आर्ट त्या मागत राहतो, व्लादेक टाळत राहतात आणि एक दिवस कबूल करतात: दुःखाच्या भरात जाळल्या. मुलगा त्यांना खुनी म्हणतो. पहिला भाग तिथंच संपतो.

आणि आईवडिलांच्या खोलीतला तो फोटो. रिश्यू, आर्टनं कधी न पाहिलेला थोरला भाऊ. जीव वाचावा म्हणून त्याला झाव्हिएर्चेला मावशीकडे पाठवलं होतं. १९४३ मध्ये तिथल्या ज्यूंना आउशवित्झला न्यायचं ठरलं, तेव्हा मावशीनं विष घेतलं. आपल्या मुलीला दिलं, भाचीला दिलं, रिश्यूलाही दिलं. आर्टचा फोटो त्या खोलीत नव्हता. तो तर जिवंत होता. फोटोतलं पोर कधी हट्ट करत नाही, कधी चुकत नाही. त्याची बरोबरी करणार कशी?

(दृश्य: शेवटचं पान. निवेदनाआधी थोडी शांतता)

व्लादेक अंथरुणावर आहेत. टेपरेकॉर्डर थांबव म्हणतात, बोलून दमलोय. आणि कुशीवर वळताना समोर बसलेल्या आर्टला हाक मारतात, रिश्यू.