खाडा

(दृश्य: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं.)

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर. म्हातारी माणसं तेवढी मागं राहतात, बाकीचं बिऱ्हाड ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात निघतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे कामाच्या हिशेबात एक 'कोयता'. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, ती हंगामभर अंग मोडून फेडायची. कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. पाचशे रुपये, कुठं त्याहून जास्त.

यात पाळी बसवायची कुठं?

गावात बाई 'बाजूला बसली' की देवाला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे कुठं, असं संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात अभंगातून विचारलं होतं. तरी हा विटाळ घराघरांत पाळला जातो. उसाच्या फडात मात्र तो कुणालाच आठवत नाही. तिथं अंधारात उठायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत, निजायचं. संडास नाही, न्हाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. मग अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात सांगतात, गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाईचं वय असतं पंचविशी-तिशीचं. ती हिशेब मांडते: पाळी गेली तर खाडाही गेला. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण तीन टक्के.

याला बायांचं अडाणीपण म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आजारपणाला दंड लावणारा धंदा कुणी उभा केला, ते आधी विचारा.

आता बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्याला पिशवी काढता येत नाही. हे गरजेचंच होतं. पण दवाखान्याला नियम लागला, फडाला लागला नाही. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना आणि कोयता धरणाऱ्या बाया मागतायत ते साधं आहे: कारखान्यानं कामगार म्हणून नोंद करावी, फडाजवळ पाणी आणि संडास द्यावा, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा लावू नये.